जाळ्यात काय, पोटात काय: जॉर्जिया सामुद्रधुनीतल्या नोंदी

६ मार्च

प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, धरायची जाळी धुऊन, फाटकी-तुटकी बघून झाली. या हंगामात दोन प्रकार वापरायचे ठरलेत. एक साठ सेंटिमीटर तोंडाचं, २०० मायक्रॉन भोकांचं. ते तळाजवळ सोडून सरळ वर ओढायचं. दुसरं बोंगो, म्हणजे शेजारी शेजारी बांधलेली दोन जाळी. तोंड तेवढंच, पण भोकं ३३५ मायक्रॉन. हे चालत्या बोटीमागून वरच्या ३० मीटरमधून तिरकं उतरवायचं आणि तिरकंच वर आणायचं.

पहिल्या जाळ्यातून पाण्यात एकूण काय आहे ते कळतं. दुसरं सॅमनच्या पिल्लांच्या दृष्टीने आहे. पिल्लं वरच्या थरात हिंडतात, डोळ्यांनी हेरून खातात आणि झेपेल तेवढा मोठा घास निवडतात. बारीक भोकांचं जाळं वेगाने ओढलं की तोंडाशी पाणी तुंबतं, आणि चपळ प्राण्यांना तेवढी चाहूल पुरते. म्हणून भोकं मोठी आणि वेग जास्त.

नव्याने आलेल्यांसाठी प्रकल्पाचा प्रश्न पुन्हा एकदा: १९७० च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या सामुद्रधुनीत उतरणाऱ्या कोहो (सॅमनची एक जात) पिल्लांपैकी शंभरातली दहाहून जास्त जगत. पुढच्या दोन-तीन दशकांत हा आकडा एक-दोनच्या घरात आला. २००१ साली बीमिश आणि मॅनकेन या मत्स्यशास्त्रज्ञांनी मांडलेल्या कल्पनेनुसार समुद्रातली मर दोन टप्प्यांत होते. उतरल्या उतरल्या बरीच पिल्लं कुणाच्या तरी तोंडी जातात. उरलेल्यांपैकी जी पहिल्या उन्हाळ्याअखेर ठरावीक आकार गाठत नाहीत, ती हिवाळ्यात टिकत नाहीत. म्हणजे सगळा खेळ मार्च ते सप्टेंबरमधल्या खाण्याचा. ते खाणं मोजायचं कसं, हे आमचं काम.

१८ मार्च

फ्लोमीटरचं (जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजणाऱ्या यंत्राचं) गणित फळ्यावर लिहून ठेवलं, कारण दर हंगामात कुणीतरी विचारतंच. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतला फरक गुणिले २६,८७३, भागिले ९,९९,९९९, म्हणजे जाळ्याने कापलेलं अंतर मीटरमध्ये. हे नेहमीच्या पात्याचं. मंद वेगाचं पातं बसवलं तर स्थिरांक बदलतो. फरक १०,००० आला तर अंतर सुमारे २६९ मीटर. जाळ्याचं तोंड ०.२८३ चौरस मीटर, म्हणजे एकेका जाळ्यातून ७६ घनमीटर पाणी गाळलं गेलं. हा आकडा गडबडला तर पुढे मायक्रोस्कोपखाली कितीही डोळे फोडा, उपयोग नाही.

फॉर्मॅलिन बफर करून ठेवलं. नमुन्यात ते ५ टक्के राहील असं घालायचं. डीएनएसाठीचे नमुने वेगळे, अल्कोहोलमध्ये. झाकणांवर आणि बाटलीच्या आत, दोन्हीकडे चिठ्ठी. आतली पेन्सिलने लिहिलेली.

२ एप्रिल

नानाइमो नदीचं मुख, ओहोटी. समुद्री गवताच्या पट्ट्याच्या कडेकडेने चम जातीच्या सॅमनची पिल्लं होती. लांबी चार सेंटिमीटरच्या आतबाहेर, अंगावर अजून नदीचा चंदेरी-हिरवा रंग. चम आणि पिंक ही घाईची मंडळी: खडीतून वर आली की नदीत न रेंगाळता समुद्राकडे निघतात. कोहो साधारण वर्षभर नदीत काढतात, सॉकाय बहुधा तळ्यात एक-दोन वर्षं. चिनूकमध्ये दोन्ही चाली आहेत. काही वर्षभर नदीत थांबतात, तर काही पहिल्याच वसंतात खाली येऊन खाडीमुखात आठवडे, कधी महिने घालवतात. त्यामुळे ‘सॅमनची पिल्लं काय खातात’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. चार सेंटिमीटरच्या चमला आणि बारा सेंटिमीटरच्या कोहोला एकाच बाटलीतलं पाणी दाखवून काही कळणार नाही.

इथे पाणी कमरेएवढंसुद्धा नाही, त्यामुळे बोंगो निरुपयोगी. हाताने ओढायचं छोटं जाळं फिरवलं. त्यात अकार्टिया नावाचे कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातले बारीक कवचधारी प्राणी), खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलच्या अळ्या आणि भरपूर हिरवट घाण आली. परवान्यात बसतील तेवढी मोजकी पिल्लं घेतली. एवढ्या लहान माशाचं पोट धुऊन काढणं जमत नाही, आख्खा मासाच घ्यावा लागतो; म्हणून हा आकडा जितका कमी ठेवता येईल तितका बरा.

११ एप्रिल

चमची पोटं उघडली. जाळ्यात आलेल्या अकार्टियाचा आणि बार्नॅकलच्या अळ्यांचा जवळपास पत्ताच नाही. बहुतेक पोटांमध्ये हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड ठासून भरलेले. जेमतेम मिलिमीटरभर शरीर, मागे निमुळतं होत गेलेलं, पुढच्या स्पर्शिका आखूड, माद्यांच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी. पिशवीतली अंडी काही ठिकाणी शाबूत होती. पिल्लाने गिळून फार वेळ झालेला नसणार. सुईने बाजूला सारलं तर काहींच्या पाठीवर केशरी झाक अजून दिसत होती.

हे प्राणी पाण्यात फारसे तरंगत नाहीतच. गवताच्या पात्यावर, चिखलाच्या वरच्या सालीवर ते चरत असतात. पिल्लू येतं आणि पात्यावरून टिपून नेतं. आमचं जाळं पाण्यातून फिरतं, त्यामुळे ते त्याला दिसणारच नाहीत.

याच नदीमुखावर १९७० च्या दशकात झालेलं काम प्रसिद्ध आहे. १९७७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या निबंधात सायबर्ट, हीली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इथली चमची पिल्लं मुख्यतः हार्पॅक्टिकस युनिरेमिस या एका जातीवर पोसली जातात आणि त्या साखळीचा उगम कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आहे. पाला कुजतो, त्यावर जिवाणू वाढतात, ते हार्पॅक्टिकॉइड खातात, त्यांना चम. म्हणजे या पहिल्या काही आठवड्यांचं अन्न खुल्या समुद्रातल्या वसंत-बहरावर (वसंतात सूक्ष्म वनस्पतींना येणाऱ्या भरावर) कमी आणि गवत, दलदल, नदीतून वाहून येणारा कचरा यांवर जास्त अवलंबून आहे. सॅमनच्या अन्नाचा विषय निघाला की सगळे प्लवकाबद्दल बोलतात आणि तळाशी चिकटलेल्यांना विसरतात. गवताचा पट्टा उखडून धक्का बांधला तर प्लवकाच्या आलेखात काहीच हलणार नाही आणि चमचं मात्र जेवण जाईल.

कामाची नोंद: गवतात चौकट ठेवून पंपाने ओढून घेण्याची सोय करायची. त्यासाठी १५० मायक्रॉनची चाळण लागेल.

२४ एप्रिल

सामुद्रधुनीच्या मधोमध, खोल ठिकाण. बोंगोच्या टोकाची बाटली वर आली तीच लालसर. नीओकॅलॅनस प्लमक्रस हे मोठे कोपेपॉड, बहुतेक वाढीच्या चौथ्या-पाचव्या अवस्थेतले. पाचव्या अवस्थेतला प्राणी चार-पाच मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. भिंगाखाली पाठीच्या आत लांबट, पारदर्शक तेलाची पिशवी दिसते. काहींमध्ये तिने अर्धं अंग व्यापलं होतं.

या प्राण्याचं वेळापत्रक आमच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे. हिवाळ्यात तो चारशे मीटरच्या आसपास, अंधारात असतो. तिथेच प्रौढ होतो, अंडी घालतो. प्रौढ झाल्यावर काही खात नाही, वसंतात साठवलेल्या तेलावरच सगळं भागवतो. अंड्यांतून निघालेली पोरं वर चढत येतात, वसंतातल्या डायटम या सूक्ष्म शैवालावर तुटून पडतात, पाचव्या अवस्थेपर्यंत तेल भरून घेतात आणि मे-जूनपर्यंत पुन्हा खोल निघून जातात. वरच्या थरात त्यांचा मुक्काम जेमतेम दोन-तीन महिने. एके काळी सामुद्रधुनीतल्या वसंतातल्या प्राणीप्लवकात वजनाने याचंच राज्य होतं. १९७० च्या दशकाच्या तुलनेत पुढे त्यांचा हंगाम काही आठवडे अलीकडे सरकला, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तर संख्याही फार घटली.

डेव्हिड कुशिंग यांची जुनी मांडणी इथे चपखल बसते: अन्नाची लाट आणि पिल्लांची लाट एकमेकींना गाठतात की चुकतात. पण कुठल्या पिल्लांची, हे आधी सांगावं लागतं. एप्रिल-मेमध्ये खोल पाण्याकडे सरकणाऱ्या सॉकायला हा घास मिळू शकतो. जूनअखेर मोकळ्या पाण्यात येणाऱ्या चिनूकला तो दिसणारही नाही.

९ मे

वारा. बोट धक्क्यालाच. प्रयोगशाळेत एप्रिलचे नमुने विभागले.

२१ मे

सामुद्रधुनीत येऊन मिळणाऱ्या फ्रेझर नदीला पूर आहे. वरच्या डोंगरांतला बर्फ वितळण्याचे हेच दिवस. मुखापासून बऱ्याच आतपर्यंत गढूळ, तपकिरी, जवळजवळ गोडं पाणी वर पसरलंय आणि खाली खारं. दोन्हींची सीमा वरून रेघ मारल्यासारखी दिसते. त्या रेघेवर फेस, लाकडाचे तुकडे, किडे. कप्तान म्हणाले, पक्षी तिथेच बसलेत, मासेही तिथेच असतील. पर्स सेन, म्हणजे माशांना वेढा घालणारं जाळं, तिथेच टाकलं.

चिनूक मिळाले. बेशुद्धीच्या पाण्यात टाकून, लांबी-वजन घेऊन, पोट सिरिंजने धुऊन काढलं आणि शुद्धीवर आल्यावर सोडून दिले. मेदपंख (पाठीवर शेपटीजवळचा छोटा पर) कापलेला मासा म्हणजे हॅचरीचा, मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला. त्यातल्या काहींच्या नाकात मिलिमीटरभर लांबीची तार असते आणि तिच्यावरच्या खुणेवरून तो कुठल्या हॅचरीतून, कुठल्या साली सुटला ते कळतं. तार काढायला मासा मारावा लागतो, म्हणून ते वेगळ्या यादीतले.

पोटातून निघालेलं चाळणीवर: किड्यांचे पंख, डासवर्गीय माश्यांचे कोष, गॅमरिड ॲम्फिपॉड आणि थोडे मायसिड (दोन्ही कोळंबीसारखे छोटे प्राणी), खेकड्यांच्या झोइया, म्हणजे सुरुवातीच्या अळ्या. पंख तर इतके की चाळण झाडल्यावरही चिकटून राहत होते. यातला निम्मा माल समुद्राचा नाहीच, नदीकाठच्या झाडझाडोऱ्याचा आणि दलदलीचा आहे. आणि बोंगोत त्याच पाण्यातून काय आलं? स्यूडोकॅलॅनस आणि ऑइथोना हे बारीक कोपेपॉड, थोडी झोइया.

५ जून

आजच्या नमुन्यांत खेकड्यांचे मेगालोपा. डंजनेस खेकड्याची अळी झोइयाच्या पाच अवस्थांतून जाते आणि मग मेगालोपा होते. झोइयाच्या डोक्यावर आणि पुढे लांब काटे असतात, ती पाण्यात ठेचकाळत पोहते. मेगालोपाला नांग्या आलेल्या असतात, शेपूट ताठ ठेवून तो सरळ रेषेत वेगाने जातो. डोळे काळे, टपोरे. ट्रेमध्ये सोडलेल्या जिवंत नमुन्यात एकाने शेजारचा कोपेपॉड पकडून खायला सुरुवात केली होती.

इथे मोजणीची पद्धत बदलावी लागते. नेहमी नमुना फॉल्सम स्प्लिटरमधून अर्धा-अर्धा करत नेतो आणि छोटा भाग मोजतो. कोपेपॉड हजारोंनी असतात, त्यांना हे चालतं. पण समजा ७६ घनमीटर पाण्यात सोळा मेगालोपा आले आणि आपण सोळावा भाग मोजला, तर त्या भागात एखादा सापडेल, कधी दोन, कधी एकही नाही. वहीत शून्य लिहिलं जाईल, आणि त्याच पाण्यातल्या चिनूकच्या पोटात मात्र तेच भरलेले असतील. म्हणून मोठे प्राणी, म्हणजे मेगालोपा, क्रिल (कोळंबीसारखे, थव्याने राहणारे प्राणी), हायपेरिड ॲम्फिपॉड, माशांच्या अळ्या, आधी आख्ख्या नमुन्यातून चिमट्याने वेचायचे, मोजायचे, आणि उरलेलं विभागायचं. वेळ दुप्पट लागतो. प्रयोगशाळेत कुरकुर झाली, तरी हा नियम पक्का.

१९ जून

माशांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या गटाबरोबर बैठक. विषय निवडीचा निर्देशांक. इव्हलेव्हचं सूत्र सोपं आहे: पोटातला वाटा वजा पाण्यातला वाटा, भागिले दोहोंची बेरीज. एखादा प्राणी पाण्यात २ टक्के आणि पोटात ४० टक्के असेल तर ३८ भागिले ४२, म्हणजे ०.९. मासा त्याच्या मागे लागलाय असा अर्थ काढायचा. उणे आलं तर टाळतोय.

माझा आक्षेप असा: ‘पाण्यातला वाटा’ म्हणजे खरं तर ‘आमच्या जाळ्यातला वाटा’. एप्रिलमधल्या हार्पॅक्टिकॉइडचा निर्देशांक अधिक १ येतो, कारण आमच्या जाळ्यात ते शून्य. त्यातून चमची आवड कळत नाही, आमच्या जाळ्याचं आंधळेपण कळतं. ऑइथोनाचा उणे १ च्या जवळ येतो, पण तो पारदर्शक आणि बारीक प्राणी मोठ्या चिनूकला दिसत तरी असेल का? दिसत नसेल तर ‘टाळतोय’ म्हणणं चूक. सहकारीण म्हणाली, मग निर्देशांक काढायचाच नाही का? काढायचा, पण जाळं, खोली आणि वेळ यांच्यासकट छापायचा, आणि दोन वेगवेगळ्या जाळ्यांचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवायचे नाहीत. हे मान्य झालं.

दुसरा वाद संख्या की वजन. एका पोटात दोनशे कोपेपॉड आणि हेरिंग या माशाची एक अळी. संख्येने तो मासा कोपेपॉडवर जगतोय, वजनाने हेरिंगवर. आम्ही वजन धरतो. अर्धवट पचलेल्याचं मूळ वजन काढायला उरलेल्या अवयवाची लांबी वापरतो. क्रिलचे डोळे, मेगालोपाच्या नांग्या शेवटपर्यंत टिकतात.

३ जुलै

संध्याकाळची फेरी. दिवसा त्याच जागी बोंगोत क्रिल नावालाही नव्हते. सूर्य टेकल्यावर इको-साउंडरवर खालचा गडद पट्टा हळूहळू वर सरकताना दिसला आणि अंधार पडता पडता जाळं युफॉसिया पॅसिफिका या क्रिलने जड झालं. दिवसभर खोल, रात्री वर चरायला, हे त्यांचं रोजचं. पिल्लं दिसेल तोवरच खातात, म्हणजे त्यांना क्रिल मिळतात ते मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेच्या अरुंद फटीत. दुपारी दोनचा नमुना घेऊन ‘क्रिल नाहीत’ म्हणणं किंवा मध्यरात्रीचा घेऊन ‘क्रिल मुबलक’ म्हणणं, दोन्ही पिल्लांच्या उपयोगाचं नाही. आमच्या वेळापत्रकात तिन्हीसांज नव्हती, आता घातली. बोटीच्या भाड्याचा हिशेब बिघडेल, तो बघू.

१७ जुलै

चिनूक आता चांगले वाढलेत. पोटांत मेगालोपा, थेमिस्टो पॅसिफिका हा हायपेरिड ॲम्फिपॉड आणि हेरिंगची पोरं. थेमिस्टो ओळखायला सोपा: सगळं डोकं म्हणजे दोन डोळेच. पोटातल्या लगद्यातही ते काळपट-लाल डोळे जोडीने सापडतात.

मासा मोठा झाला की मासे खायला लागतो आणि मग आणखी भराभर वाढतो. जूनमध्ये मेगालोपावर ज्याने मजल मारली, त्याला जुलैत हेरिंग तोंडात मावतं. जो मागे राहिला त्याच्या पुढे हेरिंगही वाढत जातं आणि हातचं निसटतं. शेजारच्या प्युजेट साउंडमध्ये डफी आणि बोशाँ यांनी २०११ साली दाखवलं की हॅचरीच्या चिनूकचं जुलैमधलं वजन आणि पुढे त्यांचं जगण्याचं प्रमाण यांचा घट्ट संबंध आहे. म्हणून जुलैतलं वजन आमच्या तक्त्यात ठळक अक्षरात.

६ ऑगस्ट

निधी देणाऱ्यांकडून विचारणा: हंगामाचा एक आकडा द्या, घनमीटरमागे प्राणीप्लवकाचं एकूण वजन. देता येईल, पण देऊ नये असं माझं मत आहे, आणि उत्तरात ते लिहिलं.

उदाहरण ओरेगॉनचं दिलं. न्यूपोर्टच्या किनाऱ्यासमोरच्या ठरलेल्या रेषेवर १९९६ पासून साधारण दर पंधरा दिवसांनी नमुने घेतले जातात. बिल पीटरसन यांनी उभं केलेलं ते काम. तिथे कोपेपॉड दोन गटांत मोजतात. उत्तरेकडून थंड पाण्याबरोबर येणारे, कॅलॅनस मार्शली, स्यूडोकॅलॅनस वगैरे, अंगाने भरलेले आणि तेलकट. दक्षिणेकडून किंवा बाहेरून गरम पाण्याबरोबर येणारे, पॅराकॅलॅनस वगैरे, लहान आणि कोरडे. कोहोचं जगणं उत्तरेच्या गटाबरोबर वर-खाली होतं. २०१४ ते २०१६ च्या सागरी उष्णतेच्या लाटेत तिथे दक्षिणेच्या जाती आल्या आणि ठाण मांडून बसल्या. जाती वाढल्या, चरबी घटली. नुसती संख्या बघणाऱ्याला त्यात काय बिघडलं ते कळलं नसतं.

आमच्याकडेही तेच. परवाच्या नमुन्यात सगळ्यात जड काय होतं? जेलीफिश आणि कंगव्या-जेली. त्या धरल्या तर ऑगस्ट हा या हंगामातला सगळ्यात ‘श्रीमंत’ महिना ठरतो. त्यांचं बहुतेक वजन पाण्याचं, आणि चिनूक-कोहो त्यांना विचारत नाहीत. चमची गोष्ट वेगळी, त्याला असलं बुळबुळीत चालतं.

एका आकड्याऐवजी चार रकाने सुचवले: तेलकट मोठे कोपेपॉड, खेकड्यांच्या अळ्या, हायपेरिड ॲम्फिपॉड, क्रिल. प्रत्येकापुढे महिना.

२८ ऑगस्ट

मोजणी. जुलैच्या तिन्हीसांजेचे नमुने अजून बाकी. एकेका बाटलीत क्रिल इतके की वेचण्यातच दिवस जातो.

२२ सप्टेंबर

उत्तर आलं: चार रकाने चालतील, पण एकूण वजन शेवटच्या स्तंभात असू द्या. ठीक आहे. जेली वगळून देऊ आणि तसं वर लिहू.

चर्चेत २००७ निघालंच. २००९ साली फ्रेझरला एक कोटीहून जास्त सॉकाय परततील असा अंदाज होता. आले पंधरा लाखांच्या आसपास. त्यावर न्यायमूर्ती कोहेन यांचा आयोग बसला, २०१२ मध्ये अहवाल आला, आणि एकच एक दोषी सापडला नाही. ती पिल्लं २००७ च्या वसंतात समुद्रात उतरली होती, आणि त्या वर्षी सामुद्रधुनीत हेरिंगची पोरंही फारच कमी मिळाली होती. त्या वसंतात अन्न कमी पडलं, हा संशय आजही जोरदार आहे. पण त्या वर्षीच्या नमुन्यांतून पिल्लांच्या तोंडापुरतं अन्न वेगळं काढायचं तर खोल, सरळ ओढलेल्या जाळ्यांवर विसंबावं लागतं. लोक ‘वरचे ३० मीटर कशाला?’ विचारतात तेव्हा मी हे उदाहरण देते.

९ ऑक्टोबर

पुढच्या मार्चसाठी मागणीपत्र पाठवलं: गवतातल्या नमुन्यांसाठी पंप आणि १५० मायक्रॉनच्या चाळण्या, तिन्हीसांजेच्या फेऱ्यांसाठी बोटीचे जादा तास, प्रवाहरेषेवरचे किडे धरायला पृष्ठभागावरून ओढायचं न्यूस्टन जाळं. प्रत्येक माशाच्या नमुन्यामागे त्याच जागेचा, त्याच तासाचा जाळ्याचा नमुना असलाच पाहिजे ही अट माशांच्या गटाने मान्य केली आहे. बदल्यात चमची संख्या आणखी कमी करायची त्यांची मागणी आम्ही मान्य केली. जुलैच्या क्रिलच्या बाटल्या नोव्हेंबरअखेर संपवायच्या आहेत. त्यानंतर तेलाच्या तपासणीसाठी गोठवून ठेवलेले नीओकॅलॅनस बाहेर काढू.